हॉटलिंकिंग : आपल्या सर्व्हरवरील छायाचित्रे परस्पर दाखवणाऱ्या संकेतस्थळांना कसे रोखावे?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. सह्याद्रीतील रानफुलांची छायाचित्रे, त्यांच्या ओळखीच्या खुणा आणि बहराचा काळ यांची नोंद ठेवणारे एक छोटे संकेतस्थळ मी चालवते. ते शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळांच्या सामायिक सर्व्हरवर आहे, त्यामुळे दरमहा किती डेटा बाहेर जाऊ शकतो याला मर्यादा आहे. यंदा पावसाळ्यात महिना संपण्याआधीच ती मर्यादा ओलांडली गेली आणि वाचकांना फुलांऐवजी ५०९ क्रमांकाचा संदेश दिसू लागला. वाचकसंख्या वाढली असावी असे आधी वाटले, पण पानांच्या भेटी नेहमीइतक्याच होत्या; मागणी वाढली होती ती फक्त चित्रांची. घरगुती उपचारांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाने माझी छायाचित्रे उतरवून न घेता, माझ्याच सर्व्हरवरचा पत्ता देऊन आपल्या पानांवर लावली आहेत असे शोध घेतल्यावर दिसून आले. यालाच हॉटलिंकिंग म्हणतात. त्यांचे पान कोणीही उघडले की चित्र माझ्याकडून जाते आणि माझ्या खात्यातील बँडविड्थ, म्हणजे डेटाची ती मर्यादा, संपते.

मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र बँडविड्थची नाही. त्यांनी घेतलेल्या चित्रांत कळलावीचे एक चित्र आहे आणि ते सांधेदुखीवरच्या एका लेपाच्या कृतीशेजारी, भलत्याच वनस्पतीच्या नावाखाली लावलेले आहे. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते. चित्र पाहून कोणी रानातून तोच कंद खणून आणला तर काय होईल, या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले, पण उत्तर आलेले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. सर्व्हरवर कोणती व्यवस्था केली म्हणजे परक्या पानावर माझी चित्रे दिसणार नाहीत? ती करताना गूगलच्या चित्रशोधातून येणारे वाचक, व्हॉट्सॲपवर दुवा पाठवल्यावर दिसणारे छोटे चित्र आणि वार्तापत्रातील चित्रे यांना बाधा येऊ नये, हे साधता येईल का? आणि कायद्याने काही करता येते का?


टिपणवही

रानजाई, कोणतीही व्यवस्था करण्यापूर्वी लॉगमधून, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या मागण्यांच्या नोंदीतून, पुरावा आणि प्रमाण या दोन्ही गोष्टी काढून ठेवा. अपाची किंवा एनजिनएक्स या सर्व्हर-प्रणालींच्या नेहमीच्या संयुक्त स्वरूपातील लॉगची एक ओळ घ्या. सुरुवातीला मागणी करणाऱ्याचा आयपी पत्ता असतो, मग चौकटी कंसात वेळ, मग अवतरणचिन्हांत कोणती फाइल मागितली ते, त्यानंतर उत्तराचा क्रमांक आणि पाठवलेल्या बाइट्सची संख्या. शेवटी अवतरणचिन्हांतले दोन मजकूर येतात. त्यांतला पहिला म्हणजे रेफरर, म्हणजे ज्या पानामुळे ही मागणी झाली त्याचा पत्ता, आणि दुसरा म्हणजे ब्राउझरची ओळख. रेफररच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर तो पाठवलाच गेलेला नाही असे समजावे.

चित्रांच्या मागण्या वेगळ्या काढून रेफररमधल्या डोमेननुसार बाइट्सची बेरीज केली की नेमके कोण किती नेत आहे ते डोळ्यांसमोर येते. अडीच मेगाबाइटचे एक छायाचित्र परक्या पानावर दिवसाला चार हजार वेळा दिसले, तर दिवसाला सुमारे दहा गिगाबाइट आणि महिन्याला तीनशे गिगाबाइट गेले. लहान होस्टिंग योजनेला एवढा भार पेलणे कठीण आहे.

आणखी एक विनंती आहे. त्यांच्या पानाचे तारीख व पूर्ण पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट आजच घेऊन ठेवा. बंदी लागू झाली की त्या पानावर चित्र दिसणारच नाही आणि मग तक्रार करायला हाती काही उरणार नाही.


सर्व्हरसखा

हॉटलिंकिंग रोखण्याची रूढ पद्धत रेफरर तपासण्याची आहे. ब्राउझर एखाद्या पानावरील चित्र मागवतो तेव्हा ते पान कोणत्या संकेतस्थळाचे आहे हे तो सामान्यतः सर्व्हरला कळवतो. ते आपले नसेल तर चित्राऐवजी ४०३ क्रमांकाचा नकार पाठवायचा, एवढेच तत्त्व आहे.

अपाचीवर हे काम एचटीॲक्सेस या फोल्डरनिहाय नियमांच्या फाइलमध्ये मॉड-रीराइट या मॉड्यूलच्या साहाय्याने होते. दोन अटी आणि एक नियम पुरतो. रेफरर रिकामा नसावा ही पहिली अट, आणि तो आपल्या डोमेनपासून सुरू होत नसावा ही दुसरी. दोन्ही खऱ्या ठरल्या आणि मागितलेल्या फाइलचा विस्तार जेपीजी, जेपेग, पीएनजी, जिफ, वेबपी किंवा एव्हीआयएफ असला, तर एफ हा झेंडा लावून नकार द्यायचा. जालावर सापडणाऱ्या जुन्या नमुन्यांत शेवटचे दोन विस्तार नसतात, आणि आजकाल वर्डप्रेससारख्या प्रणालींतून चित्रे बऱ्याचदा वेबपी स्वरूपात जातात, त्यामुळे तो नमुना जसाच्या तसा उचलला तर अर्धी चित्रे उघडीच राहतात.

दुसरी अट लिहिताना काळजी घ्यावी लागते. डोमेनचे नाव रेफररमध्ये कुठेही आले तरी चालेल अशी ढिली अट लिहिली, तर परक्या पानाच्या पत्त्यात मागे प्रश्नचिन्हानंतर आपले नाव असले तरी दार उघडते. म्हणून अटीची सुरुवात पत्त्याच्या आरंभाशी बांधावी, डोमेननंतर तिरकी रेघ किंवा पत्त्याचा शेवट असलाच पाहिजे असे लिहावे आणि नावातील टिंबाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी, कारण रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे अट लिहिण्याच्या नमुनाभाषेत, नुसत्या टिंबाचा अर्थ कोणतेही एक अक्षर असा होतो.

वर्डप्रेस वापरत असाल तर हे नियम वर्डप्रेसने स्वतः लिहिलेल्या खंडाच्या वर ठेवा. त्या खंडाच्या खुणांमधला मजकूर वर्डप्रेस वेळोवेळी नव्याने लिहिते आणि तिथे केलेली भर पुसली जाते. नियम अपलोड्सच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवले तरी चालते, पण तसे केले की वरच्या फोल्डरमधले रीराइटचे नियम तिथे आपोआप लागू होत नाहीत, हे ध्यानात असू द्या.


माळरान

हाच प्रश्न मलाही आहे, पण एचटीॲक्सेस फाइलला हात लावण्याचे धाडस होत नाही. सीपॅनेल या होस्टिंग खाते सांभाळण्याच्या पटलातून काही करता येते का?


सर्व्हरसखा

माळरान, हो. सीपॅनेलच्या सुरक्षा विभागात हॉटलिंक प्रोटेक्शन नावाचे पान आहे. परवानगी असलेल्या डोमेनांची यादी आणि रोखायचे विस्तार भरले की सीपॅनेल वर सांगितलेलेच नियम तुमच्या एचटीॲक्सेस फाइलीत लिहून देते. यादीत आपले डोमेन एचटीटीपी आणि एचटीटीपीएस अशा दोन्ही रूपांत, त्रिडब्ल्यूसह आणि त्याविना आहे याची खात्री करा. थेट मागणीला परवानगी देणारा एक चौकोन तिथे असतो, त्यावर खूण करा. तो मोकळा सोडला तर रेफरर न पाठवणाऱ्या प्रत्येक वाचकाला तुमचीच चित्रे तुमच्याच पानावर दिसणार नाहीत.


कुंपण

या शेवटच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. रिकामा रेफरर चालू दिला तर व्यवस्थेला अर्थच उरत नाही. चोरी करणाऱ्याने चित्राच्या टॅगमध्ये रेफरर पाठवू नये अशी एका शब्दाची सूचना लिहिली की ब्राउझर ती निमूटपणे पाळतो, मागणी रेफररविना येते आणि आपला नियम तिला थेट मागणी समजून चित्र देऊन टाकतो. हे शिकवणारी पाने जालावर विपुल आहेत. त्यामुळे रिकाम्या रेफररलाही नकारच द्यावा असे मला वाटते.


सर्व्हरसखा

कुंपण, तुम्ही दाखवलेली पळवाट खरी आहे, परंतु तुम्ही सुचवलेला उपाय दुखण्यापेक्षा जड होईल. रिकामा रेफरर कोणाकोणाचा असतो ते पाहा. जीमेल २०१३च्या अखेरीपासून पत्रातील चित्रे वाचकाच्या ब्राउझरकडून थेट न मागवता गूगलच्या प्रॉक्सीमार्फत, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत, आणते आणि त्या मागणीत आपले डोमेन नसते. व्हॉट्सॲप आणि फेसबुक दुव्याचे छोटे चित्र तयार करण्यासाठी जी मागणी करतात तिच्यातही ते नसते. काही कार्यालयांच्या फायरवॉल आणि गोपनीयता जपणारी ब्राउझरची विस्तारके रेफरर पुसून टाकतात. या सगळ्यांना बाहेर ठेवले तर रानजाई यांनी ज्या तीन गोष्टी जपायला सांगितल्या आहेत त्यांतल्या दोन पहिल्याच दिवशी बंद पडतील.

पळवाट बुजवण्यासाठी रेफररवरच विसंबून राहण्याची आता गरज उरलेली नाही, हे मला या धाग्यात सर्वांत आवर्जून सांगायचे आहे. आजचे ब्राउझर सुरक्षित जोडणीवर प्रत्येक मागणीसोबत सेक-फेच या नावाने सुरू होणारी काही हेडर, म्हणजे मागणीला जोडलेल्या माहितीच्या ओळी, पाठवतात. क्रोममध्ये ती २०१९पासून, फायरफॉक्समध्ये २०२१पासून आणि सफारीमध्ये २०२३पासून आहेत. त्यांतील सेक-फेच-साइट हे हेडर मागणी त्याच संकेतस्थळावरून आली की परक्या, ते सांगते आणि सेक-फेच-डेस्ट हे ती कशासाठी आली ते सांगते, म्हणजे चित्र म्हणून दाखवायला की स्वतंत्र पान म्हणून उघडायला. पानाच्या लेखकाला आपल्या कोडमधून ही हेडर बदलता किंवा गाळता येत नाहीत. ती केवळ ब्राउझरच्या हातात असतात. रेफरर पाठवू नये अशी सूचना लिहिली तरी सेक-फेच-साइटमध्ये क्रॉस-साइट हा शब्द येतोच.

तेव्हा नियमांचा क्रम असा ठेवावा. रेफरर आपल्या डोमेनचा किंवा परवानगीच्या यादीतील असेल तर चित्र द्यावे. रेफरर दुसऱ्या कोणाचा असेल तर नाकारावे. रेफरर रिकामा असेल तर सेक-फेचची दोन हेडर पाहावीत. पहिल्यात क्रॉस-साइट आणि दुसऱ्यात इमेज असे दोन्ही असेल तर नाकारावे, अन्यथा द्यावे. जीमेलचा प्रॉक्सी आणि व्हॉट्सॲपचा चित्र आणणारा प्रोग्रॅम हे ब्राउझर नसल्यामुळे ही हेडर पाठवत नाहीत आणि सुखरूप पार होतात. कोणी दुव्यावर टिचकी मारून आपले चित्र स्वतंत्रपणे उघडले तर दुसऱ्या हेडरमध्ये इमेजऐवजी डॉक्युमेंट असते, म्हणून तेही अडत नाही. अडतो तो फक्त परक्या पानात चित्र बसवणारा.


कुंपण

हे पटले. दोन्ही हेडर एकत्र पाहण्याचा मुद्दा माझ्यासाठी नवा आहे. मात्र आपले संकेतस्थळ अजून साध्या एचटीटीपीवर असेल तर ही हेडर येणार नाहीत, आणि सुरक्षित पानावरून असुरक्षित पत्त्याकडे जाताना ब्राउझर रेफररही गाळतो. म्हणजे आधी सुरक्षित जोडणीचे (एचटीटीपीएसचे) प्रमाणपत्र बसवून घ्यावे लागेल.


सर्व्हरसखा

अगदी बरोबर. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते, त्यामुळे त्याला वेगळा खर्चही येत नाही.


वाटसरू

माझा अनुभव एनजिनएक्सचा आहे. तिथे व्हॅलिड-रेफरर्स ही सूचना आयती मिळते. तिच्यात नन हा शब्द लिहिला की रेफरर अजिबात नसलेली मागणी चालते आणि ब्लॉक्ड लिहिला की फायरवॉलने किंवा प्रॉक्सीने ज्याचा रेफरर पुसून निरर्थक केला आहे तीही चालते. पुढे आपली डोमेन लिहायची आणि बाकीच्यांना ४०३ द्यायचा.

अपाची वापरणाऱ्यांसाठीही एक सूचना आहे. अनेक होस्टिंग कंपन्या अपाचीच्या पुढे एनजिनएक्स ठेवतात आणि चित्रांसारख्या स्थिर फाइली एनजिनएक्स स्वतःच देऊन टाकतो. अशा ठिकाणी चित्राची मागणी अपाचीपर्यंत पोचतच नाही आणि एचटीॲक्सेसमधला अचूक नियमही निरुपयोगी ठरतो. नियम लिहूनही काही फरक पडत नसेल तर आधी कंपनीला हे विचारावे.


टिपणवही

सीडीएन, म्हणजे फाइलींच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर साठवून तिथून देणारी सेवा, वापरणाऱ्यांच्या बाबतीत हीच अडचण मोठ्या प्रमाणावर येते. सीडीएनने चित्राची प्रत एकदा आपल्याकडे साठवली की पुढच्या मागण्या मूळ सर्व्हरकडे येतच नाहीत, त्यामुळे मूळ सर्व्हरवर लावलेली तपासणी साठवलेल्या प्रतीला लागू होत नाही. याच्या उलट घडले तर ते अधिक त्रासाचे आहे. पहिली मागणी परक्या पानावरून आली, मूळ सर्व्हरने नकार दिला आणि सीडीएनने तो नकारच साठवला, तर आपल्या स्वतःच्या वाचकांनाही चित्राऐवजी नकार मिळत राहतो. म्हणून सीडीएन असेल तर तपासणी सीडीएनच्याच पातळीवर करावी. क्लाउडफ्लेअर या सीडीएन सेवेमध्ये हॉटलिंक प्रोटेक्शनचे एक बटण आहे. ते रेफरर पाहते आणि रिकामा रेफरर चालू देते, म्हणजे कुंपण यांनी सांगितलेली पळवाट तिथे तशीच राहते. प्रत्येक रेफररनुसार वेगळी प्रत साठवायला सांगणे हा पर्याय काही जण सुचवतात. त्याने साठवणीचा उद्देशच नष्ट होतो.


पानवेल

मी काही काळ दुसराच मार्ग वापरला होता. नकार देण्याऐवजी सर्व्हर परक्या पानाला वेगळे चित्र पाठवत असे. त्यावर माझ्या संकेतस्थळाचे नाव आणि हे छायाचित्र परवानगीविना दाखवले जात आहे एवढे वाक्य होते. रानजाई यांच्या प्रकरणात तिथे थेट इशारा देता येईल असे वाटते.


रानजाई

पानवेल, ही कल्पना मला फार आवडली. कळलावीच्या जागी ही वनस्पती विषारी आहे, पोटात घेऊ नये, असा मोठ्या अक्षरांतला इशारा त्याच पानावर दिसला तर मला बँडविड्थ गेल्याचेही दुःख होणार नाही. यात काही धोका आहे का?


सर्व्हरसखा

तांत्रिक धोके दोन आहेत. पर्यायी चित्र ज्या पत्त्यावर आहे त्यालाही आपलाच नियम लागू झाला तर मागणी गोल गोल फिरत राहते, म्हणून ते चित्र नियमातून वगळावे. दुसरे असे की मूळ पत्त्यावरच दुसरे चित्र दिले तर वाचकाचा ब्राउझर ते साठवून ठेवू शकतो आणि तोच वाचक नंतर तुमच्या संकेतस्थळावर आला तर त्याला फुलाऐवजी इशारा दिसतो. यावर उपाय म्हणजे ३०२ क्रमांकाचे तात्पुरते वळण देऊन पर्यायी चित्राकडे पाठवणे आणि त्या उत्तरासोबत साठवू नये अशी सूचना जोडणे. पर्यायी चित्र काही किलोबाइटचेच असावे. काही लोक सूड म्हणून अशा जागी बीभत्स चित्रे लावतात. तसे कदापि करू नये, कारण ते पाहणाऱ्या सामान्य वाचकाचा यात काहीच अपराध नसतो.


भटक्या विमुक्त

सर्वांच्या माहितीचा आदर ठेवून थोडी दुसरी बाजू मांडतो. आपल्या मराठी मंचांवरचे भटकंतीचे जुने धागे उघडून पाहा. वर्णन सुरेख असते, खाली प्रतिसादांत छायाचित्रांचे कौतुक असते आणि चित्रांच्या जागी मात्र रिकाम्या चौकटी. ती चित्रे लेखकांनी दुसरीकडे चढवून इथे दुव्याने बसवली होती. ती सेवा बंद पडली किंवा तिने धोरण बदलले आणि सगळे गेले. फोटोबकेट या कंपनीने २०१७ मध्ये बाहेरच्या संकेतस्थळांवर चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे चारशे डॉलरची योजना सक्तीची केली, तेव्हा जगभरच्या मंचांवरील असंख्य चित्रे एका रात्रीत नाहीशी झाली. पुढच्या वर्षी कंपनीने माघार घेतली, पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. प्रत्येकाने कुलूप लावले तर जालावरच्या गप्पांतून चित्रेच हद्दपार होतील. विकिमीडिया कॉमन्ससारखी संस्था चित्रे थेट लावायला मनाई करत नाही, हेही लक्षात घ्यावे.


टिपणवही

भटक्या विमुक्त, मंचांवरच्या चित्रांबद्दलची आपली हळहळ मलाही वाटते. त्यासाठी परवानगीच्या यादीची सोय आहे. ज्या मंचांवर आपली चित्रे दिसावीत असे वाटते त्यांची डोमेन तिथे लिहिली की काम होते.

विकिमीडियाच्या उदाहरणाला मात्र एक उत्तरार्ध आहे आणि तो भारतातलाच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या अभियंत्यांच्या लक्षात आले की सिंगापूरच्या त्यांच्या डेटा सेंटरकडे येणाऱ्या माध्यम-फाइलींच्या मागण्यांपैकी सुमारे वीस टक्के मागण्या एकाच चित्राच्या आहेत. ते एका जांभळ्या ॲस्टर फुलाचे छायाचित्र होते आणि दिवसाला जवळजवळ नऊ कोटी वेळा मागितले जात होते. मागण्या भारतातील निरनिराळ्या इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यांतून येत होत्या आणि रेफरर किंवा ब्राउझरची ओळख यांतून काहीच कळत नव्हते. शेवटी असे निष्पन्न झाले की भारतात लोकप्रिय असलेले एक मोबाइल ॲप सुरू होताना दर वेळी ते चित्र मागवत होते आणि वापरणाऱ्याला ते दाखवतही नव्हते. एवढा भार सोसण्याची ताकद त्या संस्थेकडे आहे. रानजाई यांच्या शेअर्ड होस्टिंगकडे नाही.

यातून तांत्रिक बाबही स्पष्ट होते. ॲप म्हणजे ब्राउझर नव्हे, त्यामुळे ते रेफरर किंवा सेक-फेच काहीच न पाठवता चित्र मागू शकते आणि वरच्या सगळ्या नियमांतून सुटते. त्यावर तातडीचा उपाय एकच, त्या फाइलचे नाव बदलणे आणि आपल्या पानांवरचा पत्ता त्याप्रमाणे दुरुस्त करणे. ज्याचा त्रास मोठा आहे त्याने मुदतीचे सहीबंद पत्ते वापरावेत. एनजिनएक्समध्ये त्यासाठी सिक्युअर-लिंक नावाचे मॉड्यूल आहे आणि ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंटमध्येही तशी सोय आहे. पत्त्यातच मुदत आणि गुप्त किल्लीपासून काढलेली सही असते. मुदत उलटली की तोच पत्ता निकामी होतो. छोट्या छंदी संकेतस्थळाला एवढे करण्याची गरज सहसा पडत नाही, शिवाय चित्रशोधातून येणारे वाचक त्याने तुटतात.


बर्लिनकर

मी जर्मनीत राहतो आणि इथल्या एका निकालाचा उल्लेख या चर्चेत व्हायला हवा असे वाटते. जर्मन डिजिटल ग्रंथालयातील छोट्या चित्रांवरून कलाकारांचे हक्क सांभाळणारी फाउ-गे बिल्ड-कुन्स्ट ही संस्था आणि प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठान यांच्यात वाद झाला आणि तो युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. ९ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने असे ठरवले की हक्कधारकाने चौकटीत बसवून दाखवण्याविरुद्ध तांत्रिक उपाय योजले असतील किंवा योजायला लावले असतील, आणि ते उपाय चुकवून कोणी ती कृती आपल्या पानात दाखवली, तर तो नव्या लोकसमूहापुढे केलेला प्रसार ठरतो आणि त्याला परवानगी लागते. आपली हरकत केवळ शब्दांत लिहून भागणार नाही, ती परिणामकारक तांत्रिक उपायातून दिसली पाहिजे, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे युरोपात तुम्ही लावलेला तो चार ओळींचा नियम बँडविड्थ तर वाचवतोच, पण तुमच्या हक्काचा आधारही बनतो.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथे नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने २००७ मध्ये परफेक्ट टेन विरुद्ध ॲमेझॉन या खटल्यात, चित्र ज्याच्या सर्व्हरवर साठवलेले आहे तोच ते प्रदर्शित करतो, असा निकष लावला. न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयाने २०१८ मध्ये गोल्डमन विरुद्ध ब्राइटबार्ट या खटल्यात तो निकष मानण्यास नकार दिला.


सनद

भारतीय कायद्याबद्दल लिहिते; वकिली हा माझा व्यवसाय आहे. आपल्या प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ मध्ये हॉटलिंकिंग असा शब्द नाही, पण लोकांपर्यंत पोचवणे या संज्ञेची व्याख्या व्यापक आहे आणि तीत प्रदर्शनाच्या कोणत्याही साधनाने कृती लोकांना पाहता येईल अशी करणे याचा समावेश होतो. त्यामुळे आम्ही प्रत केलीच नाही, हा समोरच्याचा बचाव सगळा प्रश्न मिटवत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ हे हक्काच्या संरक्षणासाठी योजलेला परिणामकारक तांत्रिक उपाय उल्लंघनाच्या हेतूने चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड सांगते. कलम ५७ खाली कृतीचे कर्तृत्व आपले आहे हे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा आणणाऱ्या विपर्यासाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क निर्मात्याला आहे. भलत्या वनस्पतीच्या नावाखाली छायाचित्र दाखवले जाणे हे त्या कलमाच्या कक्षेत मांडता येईल असे माझे मत आहे.

व्यवहारात मात्र पहिले पाऊल लेखी तक्रारीचे असावे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतील नियम ७५ नुसार योग्य ती माहिती देऊन लेखी तक्रार केली, तर सामग्री साठवणाऱ्या मध्यस्थाने समाधान झाल्यावर ३६ तासांच्या आत तिच्याकडे जाण्याची सोय थांबवायची असते आणि ती २१ दिवस थांबवून ठेवायची असते. तेवढ्यात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा सुरू करता येते. येथे अडचण अशी की चित्र तुमच्याच सर्व्हरवर आहे, म्हणून तक्रारीत चित्राचा पत्ता न देता ते बसवलेल्या त्यांच्या पानाचा पत्ता द्यावा. टिपणवही यांनी सांगितलेले स्क्रीनशॉट आणि लॉग जपून ठेवा. पुढे ते न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र त्यांच्यासोबत लागेल.

विषारी कंदाबद्दलचा आपला इशाराही त्याच पत्रात स्पष्ट शब्दांत लिहा. हक्काच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणारे लोकही जिवाच्या धोक्याची सूचना लेखी मिळाल्यावर सहसा हलतात.


माळरान

उजवी टिचकी बंद करणे किंवा रोबोट्स फाइलीत (शोधयंत्रांसाठीच्या सूचनांच्या फाइलीत) मनाई लिहिणे याचा काही उपयोग होतो का?


वाटसरू

हॉटलिंकिंगसाठी शून्य. उजव्या टिचकीचा सर्व्हरकडे जाणाऱ्या मागणीशी संबंध नाही, आणि रोबोट्स फाइल शोधयंत्रे वाचतात, वाचकाचा ब्राउझर नव्हे. कॉर्सचे, म्हणजे परक्या संकेतस्थळाच्या कोडला आपली सामग्री वाचू देण्याच्या परवानगीचे, हेडर दिले नाही म्हणजे चित्र सुरक्षित राहते हाही असाच एक गैरसमज आहे. साध्या चित्राच्या टॅगला कॉर्सची परवानगी लागतच नाही. ज्याचा खरोखर उपयोग होतो ते क्रॉस-ओरिजिन-रिसोर्स-पॉलिसी हे हेडर आहे. त्यात सेम-साइट लिहिले की ब्राउझर परक्या पानावर ते चित्र रंगवायलाच नकार देतो. परंतु मागणी सर्व्हरपर्यंत पोचून फाइल पाठवली गेलेली असते, म्हणजे चित्र दिसत नाही पण बँडविड्थ जातेच. त्यामुळे ते वरच्या नियमांच्या जोडीला ठीक आहे, त्यांच्या जागी नाही.


रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय केले ते नोंदवते, म्हणजे पुढे हा धागा वाचणाऱ्यांना उपयोग होईल. आधी स्क्रीनशॉट आणि लॉग काढून ठेवले. मग सर्व्हरसखा यांच्या क्रमाने नियम लिहिले. परवानगीच्या यादीत गूगलची डोमेन, हा मंच आणि माझी चित्रे विचारून वापरणारी दोन अभ्यासकांची संकेतस्थळे आहेत. कळलावीच्या फाइलीसाठी वेगळा नियम आहे. तिची परकी मागणी आली की तात्पुरते वळण घेऊन इशाऱ्याचे चित्र जाते. ते त्यांच्या पानावर दिसू लागल्यानंतर दुसऱ्याच दिवशी तो लेख तिथून काढला गेला. सनद यांनी सांगितल्याप्रमाणे पत्र तरीही पाठवले आहे, कारण इतर फुलांची चित्रे लावलेली पाने अजून तशीच आहेत. तिथे आता रिकाम्या चौकटी दिसतात.

मूळ आकाराच्या फाइलीही सार्वजनिक फोल्डरमधून हलवल्या आणि पानांवर सोळाशे पिक्सेल रुंदीच्या आवृत्त्या ठेवल्या. एक शंका उरली आहे. फीडमधून, म्हणजे नव्या लेखांच्या आपोआप मिळणाऱ्या यादीतून, वाचणाऱ्या काही वाचकांनी चित्रे दिसत नसल्याचे कळवले आहे. त्यांच्यासाठी काय करावे?


सर्व्हरसखा

ते वाचक ब्राउझरमधून चालणारा फीडवाचक वापरत असणार. त्यात चित्र त्या फीडवाचक सेवेच्या पानावर बसते आणि मागणी परकी ठरते. लॉगमध्ये ४०३ मिळालेल्या ओळी वेगळ्या काढा, त्यांच्या रेफररमध्ये त्या सेवांची डोमेन सापडतील. ती यादीत घाला. अनुवाद करून पान वाचणाऱ्यांसाठी गूगलचे वेगळे डोमेन असते, ट्रान्सलेट आणि त्यापुढे गूग, तेही त्याच यादीत हवे, नाहीतर भाषांतरित पानावर फुले दिसणार नाहीत. आणि प्रत्येक बदलानंतर तपासणी खाजगी खिडकीत करा किंवा कर्ल या आज्ञेने हवा तो रेफरर देऊन करा. नेहमीच्या खिडकीत ब्राउझर आधी साठवलेले चित्र दाखवतो, त्यामुळे नियम चालतो की नाही ते कळत नाही.